बाईच्या ताणाचा हिशेब

आमच्या आटपाडी तालुक्यात ‘ताण’ हा शब्द आधी बागेत कानावर पडतो. डाळिंबाचा बहार धरायचा तर आधी बागेचं पाणी तोडावं लागतं. मृग धरायचा, हस्त धरायचा की आंबे बहार, जमीन हलकी की भारी, यावरून पाणी किती दिवस बंद ठेवायचं ते ठरतं. पानं पिवळी पडून गळू लागतात. उरलेली पानं इथ्रेल हे औषध फवारून गाळतात. मग छाटणी, खत आणि पाणी. ताण कमी पडला तर कळी नीट निघत नाही, जास्त झाला तर झाड खचतं. म्हणून ताणावरच्या बागेत शेतकरी रोज चक्कर मारतो, पान चुरगाळून बघतो, बुंध्याजवळची माती मुठीत धरतो. कितवा दिवस आहे, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं.

त्याच घरातल्या सुनेची मूल होण्यासाठी चार वर्षं ट्रीटमेंट चालू असते. तिच्यावर किती ताण आहे, तो कधीपासून आहे, आता थांबायला हवं का, हे मात्र घरात कुणाला सांगता येत नाही. दवाखान्याच्या फाइलीत तिच्या अंडाशयातल्या प्रत्येक फोलिकलचं माप मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. तिला झोप लागते का, जेवण जातं का, जगावंसं वाटतं का, या प्रश्नांना त्या फाइलीत जागाच नसते.

माझं म्हणणं एवढंच आहे की या बाईच्या मनाचा आजार हा स्वतंत्र आजार आहे आणि त्यावर उपचार झाले पाहिजेत. ते तिच्यासाठी झाले पाहिजेत. मूल व्हावं म्हणून तिचं मन सांभाळायचं, हा विचार वरवर मायेचा वाटला तरी मुळात चुकीचा आहे.

काही दिवसांपूर्वी आटपाडी स्टँडवर सकाळच्या एसटीत एक पोरगी शेजारी येऊन बसली. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असेल. मांडीवर कापडी पिशवी आणि पिशवीत थर्मास. गाडी हलली तसा तिने तो दोन्ही हातांनी धरला. चहा सांडेल म्हणून जपत असेल, असं मला वाटलं. मी तसं बोललेही.

“चहा न्हवं मावशी, इंजेक्शनं हायती. बरफात ठेवल्यात. गरम झाली की वाया जात्यात.”

मग ती हळूहळू बोलत गेली. तिसरी खेप होती. घरातून निघताना शेजारणीला ‘माहेरी चाललेय’ असं सांगून आली होती. नवऱ्याला सुट्टी नव्हती. मी विचारलं, रडू येतं का गं? तर म्हणाली, “आलं की न्हाणीत जाते. बादलीत नळ सोडायचा, म्हंजी आवाज भायेर जात न्हाई. पर उन्हाळ्यात पाण्याची वढ असती, नळ सोडून बसता येत न्हाई.” थोड्या वेळानं खिडकीबाहेर बघत म्हणाली, “डॉक्टर म्हंत्यात टेन्शन घेऊ नका. आत्याबाईबी त्येच म्हंत्यात. आता टेन्शन आलं की त्येचंच टेन्शन येतं, माझ्यामुळंच ऱ्हाईना म्हणून.”

हे शेवटचं वाक्य माझ्या मनातून जात नाही. दुःख होणं हाच तिचा गुन्हा ठरला होता.

ही ट्रीटमेंट बाईकडून काय काय मागते, ते आधी बघू. टेस्ट ट्यूब बेबीचा एक प्रयत्न म्हणजे पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी, मग दहा-बारा दिवस रोज पोटात इंजेक्शन, मधूनमधून पुन्हा सोनोग्राफी. बीजं तयार झाली की आणखी एक इंजेक्शन, आणि त्यानंतर साधारण छत्तीस तासांनी भूल देऊन बीजं काढायची. प्रयोगशाळेत गर्भ तयार झाला तर तिसऱ्या किंवा पाचव्या दिवशी तो गर्भाशयात सोडायचा. मग प्रोजेस्टेरॉनची औषधं आणि दोन आठवडे वाट पाहणं. बायका सांगतात की सुयांपेक्षा हे दोन आठवडे जड जातात. ओटीपोटात जरा दुखलं तरी ‘राहिलं असेल’ असं वाटतं, आणि तेवढ्याच दुखण्यानं ‘पाळी येणार’ असंही वाटतं. रक्ताचा रिपोर्ट आला की बहुतेकींचं उत्तर ‘नाही’ असतं. ब्रिटनमध्ये या उपचारांवर देखरेख करणारी सरकारी संस्था आहे. तिच्या २०१९ च्या आकड्यांप्रमाणे ३५ वर्षांखालच्या बाईलाही, स्वतःच्या बीजापासून, एका गर्भारोपणातून मूल होण्याचं प्रमाण ३२ टक्के होतं. ४३ नंतर ते ५ टक्क्यांच्याही खाली जातं. म्हणजे तरुण वयात, चांगल्या दवाखान्यात, सगळं नीट करूनसुद्धा तीनपैकी दोन वेळा अपयशच येतं. हे अपयश तिचं नाही, शास्त्राची मर्यादा तेवढी आहे. पण घरी परतताना एसटीत ते तिच्या एकटीच्या अंगावर पडतं.

त्यात औषधांचाही वाटा असतो. क्लोमिफेनसारख्या गोळ्यांनी काहीजणींची चिडचिड वाढते, मन वरखाली होतं. हार्मोन काही काळ दाबून ठेवणाऱ्या इंजेक्शनांनी उदासी येऊ शकते, असं त्या औषधांच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. थायरॉइड कमी असलं तर गर्भ राहायला अडचण येते आणि मनही खचतं, म्हणजे एकाच दुखण्याची दोन तोंडं. वर पैशाचं ओझं. आरोग्य विम्याच्या प्रमाणित अटींतच वंध्यत्वाचे उपचार वगळलेले आहेत, आयुष्मान भारत योजनेतूनही ते बाहेर आहेत. कागदोपत्री नोंद असलेलं भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, हर्षा चावडा, ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएममध्ये, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून जन्मलं. केईएम हा महानगरपालिकेचा, म्हणजे गरिबांचा दवाखाना. त्यानंतर हे शास्त्र जवळपास सगळंच खासगी दवाखान्यांच्या हातात गेलं. आमच्या माणदेशातलं घर मग शेळ्या विकतं, दागिने सोनाराकडे ठेवतं, बहाराच्या भरवशावर उसने घेतं. एवढ्या पैशाचा रिपोर्ट ‘नाही’ आला की घरात कुणी काही बोलत नाही, आणि त्या न बोलण्याचा अर्थ सून बरोबर ओळखते.

हे दुःख किती खोल जातं, याचा अभ्यास झालेला आहे. १९९३ साली अमेरिकेत ॲलिस डोमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मूल न होणाऱ्या बायकांच्या मनाची अवस्था इतर आजारांच्या रुग्णांशी ताडून पाहिली. उदासी आणि चिंतेत या बायका कर्करोगाच्या, उच्च रक्तदाबाच्या आणि हृदयविकारातून सावरणाऱ्या रुग्णांच्या बरोबरीला होत्या. कर्करोगाचा पेशंट घरात असला की गाव विचारपूस करायला येतं, डबे येतात. या बाईच्या दारात मात्र ‘गोड बातमी कधी?’ एवढंच विचारलं जातं.

इथे दुःख आणि आजार वेगळे ओळखायला हवेत. रिपोर्ट ‘नाही’ आल्यावर चार दिवस रडणं हे दुःख, ते माणसाला होणारच. पण दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसभर मन उदास राहिलं, आवडीच्या कामातही लक्ष लागेनासं झालं, पहाटे तीनला जाग येऊन परत डोळा लागेना, जेवण तुटलं किंवा नको इतकं वाढलं, अंगात त्राण राहिना, ‘मी कुणाच्या कामाची नाही’ हेच मनात फिरू लागलं, मरणाचे विचार येऊ लागले, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्याला उपचार आहेत. समुपदेशन आहे, विचारांची गाठ सोडवायच्या पद्धती आहेत, गरज पडली तर गोळ्या आहेत. त्या गोळ्या सुरू करणं, बंद करणं, गर्भ राहिल्यावर पुढे चालू ठेवणं हे मानसोपचार आणि स्त्रीरोग अशा दोन्ही डॉक्टरांनी मिळून ठरवायचं असतं. ‘मूल हवंय ना, मग त्या गोळ्या फेकून दे’ असा सल्ला देण्याचा अधिकार शेजारणीला नाही.

आता त्या एका वाक्याकडे येते, ‘टेन्शन घेऊ नको, मग राहील.’ हे वाक्य डॉक्टर बोलतात, नणंद बोलते, देवळातला पुजारीही बोलतो, आणि सगळे मायेनंच बोलतात. पण ते खरं आहे का? २०११ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये कार्डिफ विद्यापीठाच्या जॅकी बॉयविन यांनी एक अभ्यास मांडला. १४ वेगवेगळ्या अभ्यासांतल्या ३,५८३ बायकांची माहिती त्यांनी एकत्र केली होती. उपचार सुरू व्हायच्या आधी कोण किती चिंतेत होती, किती उदास होती, याचा त्या प्रयत्नात गर्भ राहण्या-न राहण्याशी संबंध दिसला नाही. रडणारीला राहिलं आणि हसणारीला राहिलं नाही, असंही झालं.

हा निष्कर्ष मी आटपाडीच्या प्रत्येक घरात वाचून दाखवीन म्हणते. कारण त्या वाक्यानं दुहेरी घाव बसतो. दुःख असतंच, त्यावर दुःखी असल्याचा दोष येतो. ती बाई मग रडूही शकत नाही. नळ सोडून, आवाज दाबून, आपणच आपल्या पोटातलं बाळ घालवतो आहोत या भीतीनं रडते. बागेवर तेल्या रोग आला तर झाडाच्या मनाचा दोष कुणी काढत नाही.

यावर कुणी म्हणेल, चला, मन आनंदी ठेवल्यानं मूल होत नसेल तर मनावर खर्च तरी कशाला करायचा? इथेच आपला विचार उघडा पडतो. त्या बाईचं बरं असणं आपल्या दृष्टीनं मुलाकडे जाणारी वाट तेवढी आहे. वाट मुलाकडे जात नाही असं कळलं की तिच्यावर पाणी शिंपडायचीही गरज उरत नाही. मुलाचा विषय बाजूला ठेवा. एक माणूस सहा महिने झोपत नाही, जेवत नाही, मरणाचा विचार करतं. त्याला बरं करायला एवढं कारण पुरे आहे.

आता पुरुषाच्या बाजूकडे बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे बारा महिने किंवा जास्त काळ, साधनं न वापरता, नियमित संबंध ठेवूनही गर्भ राहिला नाही, तर वंध्यत्व म्हणायचं. आटपाडी आणि शेजारच्या खानापूर तालुक्यातली हजारो माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. दुकानं तमिळनाडूत, केरळात, बंगालात, आणि घर इथे. नवरा दिवाळीला येतो, खरसुंडीच्या यात्रेला येतो, आठ-दहा दिवस राहून जातो. लग्नाला तीन वर्षं झाली की गाव हिशेब मांडतं, तीन वर्षं झाली, पाळणा नाही. ती दोघं एकत्र किती महिने राहिली, हे मोजायला कुणी बसत नाही. गलाईचं काम भट्टीपुढचं. सतत उष्णतेत काम केल्यानं पुरुषाच्या बीजाची संख्या घटू शकते, हे वैद्यकशास्त्रात ठाऊक असलेलं सत्य आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाचंही कारण असतं, कधी एकट्याचं, कधी दोघांचं मिळून. वीर्यतपासणी ही सगळ्यांत स्वस्त, सगळ्यांत सोपी आणि सुई न टोचता होणारी तपासणी. तरी आपल्याकडे ती शेवटी होते. तोवर बाईच्या नळ्या तपासून झालेल्या असतात, दुर्बीण घालून झालेली असते, तीन देवांचे नवस बोलून झालेले असतात.

आपल्या भाषेतही हाच कल दिसतो. ‘वांझ’ हा शब्द बाईला चिकटतो, गाईला चिकटतो, जमिनीला चिकटतो. पुरुषाला ‘निपुत्रिक’ म्हणतात. त्या शब्दात त्याच्या नशिबाची कणव आहे, त्याच्या शरीराचा दोष नाही. ओटी भरताना, डोहाळजेवणात, बारशाला पाळण्याच्या दोरीला हात लावताना हा एकच शब्द बाईला मागे ओढतो. मग ती कार्यक्रमांनाच जाईनाशी होते. लोक म्हणतात, माणूसघाणी झाली. खरं तर ती आजारी पडत चाललेली असते, आणि माणसांतून उठून जाणं हे त्या आजाराचं लक्षणही आहे आणि त्याला मिळणारं खतपाणीही आहे.

शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या लेकीची गोष्ट आपण शाळेत शिकतो, पण तिचा हा भाग विसरतो. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांना मूल झालं नाही. जोतीरावांना दुसऱ्या लग्नाचा आग्रह झाला आणि त्यांनी तो धुडकावला. काशीबाई नावाच्या एका विधवेचं मूल त्यांनी दत्तक घेतलं, यशवंत नाव ठेवलं, डॉक्टर केलं. दुसरं लग्न हा ज्या काळात गुन्हाही नव्हता, त्या काळात एका नवऱ्यानं बायकोच्या बाजूनं उभं राहणं म्हणजे काय, ते यातून कळतं. आज १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं दुसरं लग्न गुन्हा आहे आणि मूल नसणं हे घटस्फोटाचं कारण ठरत नाही. तरी ‘सोडून देईल’ ही भीती कित्येकींच्या उशाला असते. त्या एका भीतीवरचं औषध नवऱ्याच्याच हातात आहे. मूल झालं नाही तरी मी इथेच आहे, एवढं त्यानं बोलून दाखवावं. मनात असून उपयोग नाही. आणि त्याचंही दुःख असतं, तेही बोलावं. भट्टीपुढे एकटा बसून तोही झुरत असतो, पण बाप्याला रडायला तर न्हाणीही मिळत नाही.

सासूवर सगळं खापर फोडणं मला पटत नाही. तिलाही चावडीपासून देवळापर्यंत सगळे विचारतात. तिच्याही लग्नानंतर तिला हेच विचारलं गेलं होतं. ज्यांना हे विचारणं आपुलकीचं वाटतं त्यांना माझी विनंती आहे की आपुलकी दाखवायची तर दुसरा प्रश्न विचारा. ‘जेवलीस का? झोप लागली का? दवाखान्यात सोबत येऊ का?’ यातला कुठलाही प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

पण सगळं घरावर सोपवून चालणार नाही. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्यानं दवाखान्यांवर जबाबदारी टाकलेली आहे. उपचारांचे परिणाम, यशाची शक्यता, खर्च, धोके हे सगळं समुपदेशन करून जोडप्याला सांगितलं पाहिजे, त्यांना समजून-उमजून निर्णय घेता आला पाहिजे. समुपदेशकाची नेमणूकही नियमांत आहे. प्रत्यक्षात समुपदेशन म्हणजे कागदावर सह्या, असं होता कामा नये. माझी मागणी साधी आहे. तीन वेळा त्या बाईला एकटीला बसवून तिच्या मनाबद्दल विचारावं. उपचार सुरू करताना, गर्भ सोडल्यानंतरच्या त्या दोन आठवड्यांत, आणि ‘नाही’ चा रिपोर्ट आल्यावर. तिसरी वेळ सगळ्यांत महत्त्वाची, कारण तेव्हाच दवाखान्याचं दार तिच्यासाठी बंद होतं आणि पुढच्या प्रयत्नाचे पैसे जमेपर्यंत तिला फोनही येत नाही.

‘मनाचा डॉक्टर म्हणजे वेड्यांचा डॉक्टर’ ही भीती गावात आहेच. त्यावर उपाय म्हणजे विचारपूस घराच्या ओट्यावर आणणं. महाराष्ट्रानं हे एकदा केलेलं आहे. २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू झाला. त्यात आशा ताईंनी घरोघरी जाऊन नैराश्याची लक्षणं विचारली. आज आमच्या गावच्या आशा ताईच्या नोंदीत गरोदर बाई आहे, बाळंतीण आहे, पाच वर्षांखालचं मूल आहे. मूल नसलेली सून तिथे ‘पात्र जोडपं’ म्हणून येते, म्हणजे कुटुंबनियोजनासाठी पात्र. जिला मूल हवंय, तिला सरकार फक्त मूल लांबवण्याच्या रकान्यात ओळखतं. त्याच नोंदीत एक रकाना वाढवा, ‘उपचार चालू आहेत का, आणि ती कशी आहे?’ पुढचा आधार आहे. मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगलीत सिव्हिल आहे. १४४१६ हा टेली-मानसचा फुकट क्रमांक २०२२ पासून आहे, त्यावर मराठीत बोलता येतं आणि नाव सांगावं लागत नाही. मरणाचे विचार येत असतील तर तो आजच, आत्ता लावायचा.

आणि थांबण्याचाही अधिकार तिला हवा. स्वीडनमध्ये खर्चाचं ओझं जोडप्यावर नसतानाही कित्येक जोडप्यांनी उपचार मध्येच सोडले आणि त्यात मनावरचा ताण हे सगळ्यांत मोठं कारण निघालं. म्हणजे नुसता पैशाचा प्रश्न सुटून भागत नाही. किती प्रयत्न करायचे हे सुरू करण्याआधी दोघांनी ठरवावं, आणि तो आकडा बाईच्या तोंडून यावा. सुई तिच्या पोटात जाते. थांबली म्हणजे हरली, असं कुणी म्हणू नये. दत्तकाचा विचार तिनं करावा की नाही, कधी करावा, हेही तिचं. रडणाऱ्या बाईला ‘दत्तक घे की’ म्हणणं हे सांत्वन नव्हे.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे. औंध संस्थानच्या काळात, १९३९ मध्ये, तिथे खुनाच्या गुन्ह्यातल्या कैद्यांना तुरुंगाच्या भिंतीबाहेर, बायकापोरांसह, शेती करत राहू दिलं गेलं. भीती काढून विश्वास ठेवला तर माणूस सावरतो, हे या माळावर सिद्ध झालेलं आहे. ज्या मातीनं कैद्यांवर एवढा विश्वास टाकला, तिला आपल्या सुनांना न्हाणीचं दार उघडून बाहेर येऊन रडू देता येणार नाही का?

टेंभू योजनेचं पाणी आल्यापासून बागा वाढल्या आहेत. बागेच्या ताणाचं शास्त्र आम्ही नीट शिकलो, आणि ते शिकणं योग्यच. पण एक फरक कायम ध्यानात ठेवावा. झाड आपण फळासाठी लावतो. बहार नाही धरला तर दोन वर्षं बघतो आणि मग कुऱ्हाड लावतो. बाईला कुणी फळासाठी लावलेलं नाही. ती पोटात सुया घेऊन, मांडीवर बर्फाचा थर्मास धरून, आटपाडीच्या एसटीत बसलेली असते, तेव्हाच ती पूर्ण माणूस असते. तिची विचारपूस तेवढ्यासाठी करायची.